व्याह्यांची करवत

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, मला एक सांगा: आपल्याच माणसाकडून जुनी वस्तू घ्यायची, तर ती पारखून घ्यावी की डोळे मिटून?

डोंगरांना अजून नावे पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. एका रानाच्या काठी म्हाळसा आणि तिचा नवरा राहत. दोघे मिळून मोठी करवत ओढत, लाकडे कापत, त्यावर त्यांची चूल पेटे. एके दिवशी ती करवत शिसवीच्या गाठीत अडकून मोडली. नवी घेण्याची ऐपत नव्हती. नवऱ्याला आठवले, आपल्या येसूच्या सासरी माळ्यावर एक जुनी करवत पडून आहे. त्याने निरोप धाडला. व्याह्यांनी कळवले, "या, घेऊन जा."

करवतीच्या बदल्यात द्यायला घरची एकुलती दुभती शेळी घेऊन दोघे निघाले.

व्याह्यांनी करवत अंगणात आणून ठेवली. तेल चोळून ती इतकी लखलखीत केली होती की तिच्यात तोंड दिसावे. नवरा खूश झाला. पण पात्यावरून फिरता फिरता म्हाळसाचा हात थबकला. टोकाशी, तेलाखाली, केसाएवढी रेघ लागत होती.

ती नवऱ्याच्या कानाशी लागली. "अहो, एखादे लाकूड कापून बघू या."

"वेडी की काय! व्याह्यांच्या वस्तूची पारख करायची? उद्या येसूला ऐकावे लागेल, तुझ्या आईबापाचा आमच्यावर भरवसा नाही म्हणून."

म्हाळसाने मनाशी तोलून पाहिले. लेकीला टोमणा बसेल, हे खरे होते. पण कठीण लाकडात पाते तुटले तर ते उसळून नवऱ्याच्या अंगावर येईल, हेही खरे होते. टोमणा विसरता येतो, तुटलेला हात परत येत नाही. तिने पदर खोचला.

"व्याहीबुवा," ती हसून म्हणाली, "करवतीचे एक टोक मी धरते, एक तुम्ही धरा. परसातले ते बाभळीचे खोड कापून देऊ. येसूच्या चुलीला होईल."

"मी?" व्याही दचकले. "विहीणबाई, माझी कंबर धरली आहे हो..."

"सकाळी तर पाटा एका हाताने उचललात!" आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

व्याही मटकन ओट्यावर बसले. घाम पुसत म्हणाले, "पात्याला तडा आहे. तुम्ही आपण होऊन मागितलीत, सुनेच्या बापाला नाही कसे म्हणू? म्हणून तेल चोळत बसलो. तुम्हीच नको म्हणावे, म्हणून देव पाण्यात घातले होते!"

"आणि मी भिडेपोटी ती खांद्यावर घेणार होतो," नवरा म्हणाला. मग तो जो हसत सुटला, त्याच्याबरोबर सगळेच हसले. दाराआडून ऐकणाऱ्या येसूनेही सुटकेचा निःश्वास सोडला.

"तडा टोकाशी आहे," व्याही म्हणाले. "लोहार तेवढा भाग कापून नवी मूठ बसवील. आखूड होईल, पण दगा देणार नाही. आणि आखूड करवतीला शेळी कसली? सुगीला पायलीभर नाचणी द्या. शेळी आधी बांधा, अर्धा भोपळ्याचा वेल खाल्ला तिने!"

म्हणून लक्षात ठेवा, आपल्या माणसाला खरे विचारायला आणि खरे सांगायला कधी लाजू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोहाराने तडा गेलेला भाग कापून काढला, आणि म्हाळसाने व्याह्यांसोबत बाभळीचे ते खोड कापले.