ढोलीबाहेरचे आभाळ

ढोलीच्या आत काय घडले, ते मी पाहिलेले नाही. धनेश पक्ष्याची मादी अंडी घालताना स्वतःला आत लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. म्हणून बाहेरचे तेवढेच सांगते.

फार पूर्वी एक धनेश रोज उंबरे आणी आणि ती दिल्यावर बाहेरची एखादी गोष्ट सांगे. पुढे पिल्ले झाली, भुका वाढल्या आणि बोलणे थांबले.

"अहो, आज आभाळ कसं आहे?" आतून प्रश्न आला.

"असायचं तसंच. पोटाला मिळतंय ना?"

"मिळतंय. आभाळ खाऊन पोट भरत नाही, ठाऊक आहे मला."

दुसऱ्या दिवशी फटीत चोच दिसली नाही. धनेशाने खोडावर पंख आपटले. आतून काहीच हालचाल नाही. तो घाबरला. हाक मारायची तर चोचीतले उंबर टाकावे लागणार होते. क्षणभर अडखळून त्याने ते टाकले.

"अगं, पलीकडच्या सावरीला फुलं आलीत. एकाच फांदीला. बाकीच्या अजून रुसल्यात."

बऱ्याच वेळाने फटीतून चोच बाहेर आली, उघडी. उंबर तर केव्हाच खाली पडले होते. ती भुकेने उघडली होती की बोलण्यासाठी, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.