गोजरी आणि तळ्याचा डोळा

एक होतं तळं. राजा नाही, राणी नाही, नुसतं तळं. पार तिकडे, डोंगरांच्याही पलीकडे, थंडीच्या मुलखात. मी पाहिलेलं नाही, माझ्या आजीनंही पाहिलं नव्हतं, पण होतं हे नक्की. हिवाळा आला की ते तळं गोठायचं, वरून माणसं चालत जावीत इतकं. फक्त मधोमध अंगणाएवढं पाणी उघडं राहायचं. त्याला सगळे म्हणायचे तळ्याचा डोळा.

काठावर गोजरी नावाची भोईण राहायची. तिच्या अंगात चुळबूळ भारी. चुलीपाशी बसली की उठली, उठली की दारात. सासू दिवसभर म्हणायची, गोजरे, बूड टेक गं जरा. गळ टाकून बसली तर हिच्या हलण्यानंच मासे पळायचे. म्हणून तिला कुणी मासे धरायला नेतच नसे, बरं का.

त्या हिवाळ्यात काय झालं, तिची धाकटी जाऊ राई बाळंत झाली. पण दूध काही येईना. बाळ आपलं रडतंय, रडतंय. सासू म्हणाली, माशाचं कालवण पोटात गेलं तर दूध उतरेल. घरात मासा नाही, आणि पुरुषमाणसं लाकडं आणायला डोंगरापलीकडे गेलेली. मग गोजरीच उठली. होडी बर्फावरून ढकलत ढकलत डोळ्यापाशी नेली आणि पाण्यात लोटली.

तिथं तीन बदकं गोल गोल फिरत होती. गोजरीला वाटलं, ही मेली सगळे मासे खाणार. तिनं वल्हं उगारलं, बदकं उडून गेली. मग कणकेची गोळी लावून तिनं गळ टाकला आणि बसली. बघते तर काय, कडेचं पाणी पांढरं पडायला लागलं. डोळा मिटायला लागला. तेव्हा कुठे तिला कळलं, बदकं फिरत होती म्हणून पाणी उघडं होतं. आणि ती तर हिनंच हाकलली.

मग काय करणार? तिनं गळाची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली, वल्हं उचललं आणि बदकांसारखी गोल गोल फिरायला लागली.

तेवढ्यात बर्फावरून पांढरं लुगडं नेसलेली एक म्हातारी आली. ती थंडीबाई. म्हणाली, दमलीस पोरी, ही घे घोंगडी, बस जरा. गोजरी नको म्हणाली आणि फिरत राहिली. मग थंडीबाईनं बर्फावर मऊ गादी घातली. गोजरीचे हात भरून आले होते, गादी बघून डोळे जड झाले, तरी ती फिरत राहिली. तिसऱ्यांदा थंडीबाईनं काहीच दिलं नाही. कडेला बसली आणि हळूच म्हणाली, "सगळे तुला बस म्हणाले, तू कुणाचं ऐकलं नाहीस. एकदा माझं ऐक."

गोजरीला रडूच आलं. पण घरातलं बाळाचं रडणं बर्फावरून इथवर येत होतं. ती म्हणाली, "बसायचं मलाही आहे, थंडीबाई. आधी ते रडणं थांबू दे."

आणि अंगठ्याला हिसका बसला. एरवी तिच्या हलण्यानं मासे पळायचे, हा मात्र पळत्या गळामागे धावला होता. चांगला हातभर मासा, बरं का. थंडीबाई फणकाऱ्यानं उठली, घोंगडी-गादी गुंडाळली आणि निघून गेली. मग बदकं परत आली. गोजरीनं उरलेली कणीक त्यांना घातली आणि घरी पळाली.

मग कालवण झालं. राईला दूध आलं. बाळ पोटभर प्यायलं. सासूनं ते गोजरीच्या मांडीवर दिलं आणि बाळ तिचं बोट धरून झोपून गेलं. गोजरीच्या पायाला मुंग्या आल्या. नाकाला खाज सुटली. चुलीवर भात उतू गेला. पण गोजरी हलली नाही. सासू दारातून बघत राहिली, आणि त्या दिवसापासून तिनं गोजरीला बूड टेक म्हणायचं सोडून दिलं. मग सगळी सुखानं राहिली.

बदकं तिकडे अजून फिरताहेत. त्यांची राखण आहे, आपण झोपलो तरी चालेल. गोधडीत कुणाचे पाय हलताहेत ते कळतंय हं मला. हलू देत. दमले की थांबतील. मिटा डोळे.