सायतराचे फुटके कोसे

फार वर्षांपूर्वी, वैनगंगेकाठचं जंगल आजच्याहून दाट होतं त्या काळी, सोनझरी गावात सायतरा नावाची ढिवर जातीची एक बाई राहायची. गावची माणसं ऐनाच्या झाडांवर रेशमाच्या अळ्या पोसत. अळी पानं खाऊन फुगायची आणि स्वतःभोवती मधाच्या रंगाचं घर विणायची. त्यालाच कोसा म्हणतात. कोसा उकळला की आतला जीव मरतो आणि धागा अखंड सुटतो. थोडे कोसे मात्र बियाणं म्हणून टांगून ठेवत. त्यांतून पाखरं निघत, अंडी घालत, आणि पुढचं पीक उभं राही.

एका साली राजाच्या घरी लग्न निघालं. लुगड्यांसाठी कितीही कोसे दिले तरी कमीच पडू लागले. तेव्हा गावचा पाटील बकाराम म्हणाला, "बियाण्याचेही उकळायला टाका. पुढच्या साली जंगलातून आणू."

सायतराच्या नवऱ्यानं, डोमानं, घरातलं बियाणं चुलीपाशी आणून ओतलं. पाणी उकळत होतं. सायतराला तेव्हा दिवस गेलेले होते. तिनं एक कोसा उचलून कानाशी हलवला. आत काहीतरी हललं. तिनं सगळे कोसे टोपलीत भरले आणि ती उठली.

"कोठं चालली?"

"हे मी टाकत नाही."

"पाटलाले मी शब्द देला हाय."

"तुमी देला. मी नाही."

ती जंगलात गेली ती परत आली नाही. गावानं तिचं नाव टाकलं. एका जुन्या ऐनाखाली तिनं खोपट बांधलं, टोपली फांदीला टांगली. तिथंच तिला मुलगी झाली. त्या थंडीत मुंग्या, खारी, कावळे, कुणीही टोपलीला शिवलं नाही, असं म्हणतात.

पावसाळ्याच्या तोंडावर गावातली माणसं बियाण्यासाठी रान रान फिरली. हाती काही लागलं नाही. इकडे सायतराचे कोसे फुटले आणि पाखरं बाहेर आली, पण सगळ्या माद्याच. नराशिवाय अंडी फुकट जाणार हे तिला ठाऊक होतं. ती मुलीला मांडीवर घेऊन झाडाखाली बसून राहिली. तिनं हाक मारली नाही, नवस बोलली नाही. दिवस मावळला, आणि डोंगरापलीकडच्या रानांतून नर आले. इतके आले की ऐनाची पानं दिसेनाशी झाली, पंखांच्या वाऱ्यानं खोपटाचं छप्पर हललं, असं म्हणतात.

ही बातमी गुराख्यांनी गावात नेली. बकाराम पाटील स्वतः आला. त्याच्या मागं डोमा मान खाली घालून उभा होता.

"सायतरा, अंडी देशील का?"

"न्या. पण दर साली एका झाडाचे कोसे तोडायचे नाहीत. ते झाडावरच फुटू द्यायचे."

पाटलानं झाडाला हात लावून कबूल केलं. डोमा पुढं झाला आणि त्यानं मुलीला पहिल्यांदा उचललं. तिच्या अंगावर एक जाडंभरडं फडकं होतं. पाखरू बाहेर पडलं की कोशाला भोक पडतं आणि धागा तुटतो. असे कोसे कोष्टी घेत नाहीत. सायतरानं तेच तुटके धागे मांडीवर वळून, गाठी मारून ते विणलं होतं. त्याला रंग दिलेला नव्हता. डोमानं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "ऊब हाय याले."

सायतरा म्हातारी होऊन मेली. तिला नेताना वाटभर पाखरं तिच्यावर उतरत राहिली आणि वरून कापड घालायला जागाच उरली नाही, असं म्हणतात.

सोनझरीत आजही बाळ जन्मलं की त्याला आधी फुटक्या कोशांच्या फडक्यात गुंडाळतात. ते विकत मिळत नाही, आजीनं किंवा आत्यानं विणायचं असतं, आणि त्यातल्या गाठी कापायच्या नसतात. दर हंगामात एक ऐन सायतराचा म्हणून सोडतात. त्यावरचा कोसा कुणाच्याच घरी जात नाही. पण अळ्या टिपणारे कावळे हाकायला गोफण घेऊन निघालेली माणसं आधी त्या झाडाखाली जाऊन उभी राहतात, मग आपापल्या.