सोनटिकलीचा माळ

एका राज्यात नगरापलीकडे कोरडा माळ पसरला होता. पाऊस पडो न पडो, तिथे दरवर्षी जुन्याच मुळांतून सोनटिकली फुटे आणि तिची पिवळी फुले दिवसभर सूर्याकडे तोंड करून उभी राहत. त्या माळाखाली शंबरनाथ मांत्रिकाने आपले सोने पुरले होते. राजा भद्रसेनाला लोभ सुटला. त्याने युवराज वीरधवल, वृद्ध प्रधान आणि शंभर माणसे सोने उकरायला धाडली.

सोन्याला हात लागला आणि सर्वांचे पाय जमिनीत रुतले. बोटांना पाने फुटली, चेहरे पिवळ्या पाकळ्यांत मिटून गेले. भर दुपारी माळावर नवी फुले उभी राहिली. वारा आला की ती कण्हत.

प्रधानाची पत्नी कमलजा हिने पतीचे फूल मुळासकट उपटून अंगणात लावले. सकाळी फुलाच्या जागी प्रधानाचे प्रेत होते.

मग माळच नगराकडे सरकू लागला. वेशीवरच्या पहारेकऱ्यांच्या पायांना कोंब दिसले. तेव्हा युवराजाची बहीण सुनेत्रा विळा घेऊन निघाली. राजाने तिला अडवले नाही. त्याला तिच्याकडे बघवेना.

माळाच्या कडेला एक माळढोक पक्षी उभा होता. तो म्हणाला, "राजकन्ये, तीन कामे आहेत. हाक आली तर वळू नकोस. आग आली तर पळू नकोस. तिसरे मी मध्यावर सांगेन. आत्ता सांगितले तर तू परत फिरशील."

सुनेत्रा चालू लागली. मागून भावाने पाणी मागितले. मग मेलेल्या आईने तिला लहानपणीच्या नावाने हाक मारली. ओठ चावून तिने रक्त काढले, पण मान वळवली नाही. इतक्यात समोरून आग आली. ती मातीत तोंड खुपसून पडून राहिली. आग पाठीवरून गेली, केस जळाले. तिने डोळे उघडले तेव्हा गवताची राख झाली होती आणि शापित फुले तशीच उभी होती.

माळढोक तिथे येऊन थांबला होता. "आता ही सगळी फुले जमिनीलगत काप. मुळांना धक्का लावू नकोस. आधी भावाचे फूल."

"तो मरेल."

"वर दिसते ते शंबरनाथाचे. मुळे अजून त्या माणसांची आहेत."

हे खरे कशावरून, असे तिने विचारले. उत्तराची वाट तिने पाहिली नाही. सुनेत्रेने राख बाजूला सारून गवताचे एक बूड नखाने खरवडले. आत ओल होती. तेवढ्यावरच तिने विळा उचलला.

एका फुलाने सूर्याकडे पाठ केली होती. ते तिच्याकडे बघत होते. तिने ते कापले. वीरधवलाच्या आवाजात किंकाळी उठली, तिचा हात मनगटापर्यंत रक्ताने भरला.

शंबरनाथ प्रकट झाला. "तू भावाला मारलेस. आता तरी थांब."

ती थांबली नाही. रडत रडत फुले कापत राहिली. प्रत्येक फुलागणिक मांत्रिक विरत गेला. शेवटचे फूल पडले तेव्हा त्याची रुईच्या बोंडातल्या कापसासारखी म्हातारी झाली आणि वाऱ्याने उडून गेली.

माळ उघडा पडला. काहीच हलले नाही. सूर्य कलला, तरी काही हलले नाही. सुनेत्रा भावाच्या फुलाच्या खुंटाशी बसून राहिली. आपण शंभर माणसे मारली, याबद्दल आता तिला शंका उरली नव्हती.

मग तिच्या गुडघ्याजवळची माती तडकली. एक कोंब आला, त्याचे बोट झाले, बोटामागून हात आला. तिने दोन्ही हातांनी तो धरला आणि ओढला नाही. नुसता धरून ठेवला. वीरधवल आपणहून वर आला; मागोमाग माळभर इतर माणसेही वर आली. तोंडातली माती थुंकून त्याने विचारले, "सगळे आले?"

"प्रधानजी नाहीत," ती म्हणाली.

सोने होते तिथेच पुरले गेले. पहारेकऱ्यांचे पाय मोकळे झाले, वेशीचे दरवाजे उघडले. भद्रसेनाने मुकुट उतरवला आणि वीरधवल न्यायाने राज्य करू लागला. सुनेत्रा मात्र पुढे आयुष्यभर, दरबारातसुद्धा, बोलता बोलता भावाचा हात हातात घेई, आणि तो राजा असूनही हात सोडवून घेत नसे.