मापाच्या खिंडीतले अळणी जेवण

तो खडक बघा. मधोमध गोल खड्डा कोरला आहे, ते माप. बरोबर एक पायली. त्यावर बसू नका.

पूर्वी ही खिंड दोन राज्यांची शीव होती, असे सांगतात. वर आमचे कुसवडे, जोंधळ्याचे. खाली समुद्राकाठी खारगाव, मिठाचे. दोन्ही राजांनी वाघजाईसमोर तह केला: एक माप मिठाला एक माप जोंधळा, दोन्ही सपाट. माप लाकडाचे केले तर कोणी मोठे करील, म्हणून खडकात कोरले.

मापावर आमच्या घराण्यातला सोनजी मापाडी होता. त्याची लेक येसू खारगावात दिलेली.

काही वर्षे नीट गेली. मग वरच्या राजाच्या कारभाऱ्याला लोभ सुटला. खडक मोठा करता येईना, म्हणून त्याने जोंधळा सपाट दिला आणि मीठ मात्र काठावर ढीग रचून, शीग लावून घेतले. सोनजीने त्या मापाला हात लावला नाही. कारभाऱ्याने आपली माणसे लावली. खारगावकरांनी मीठ आणणे बंद केले. कारभाऱ्याने खिंडीत काटेरी झाप टाकून वाट अडवली. खाली धान्य जाईना.

येसू तेव्हा पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी यायची होती.

कारभारी सोनजीला म्हणाला, "तुझ्या लेकीपुरती वाट उघडतो. तू फक्त शिगेचं माप मान्य कर."

"उघडलीत तर सगळ्यांना उघडा," सोनजी म्हणाला.

कारभाऱ्याने घरोघर वाटलेले शिगेचे मीठ सोनजीकडेही आले होते. त्याने ते मडके कोनाड्यात ठेवले आणि माप सपाट होईपर्यंत मीठ खाणार नाही, असे व्रत धरले. पुढे सगळा गाव अळणी जेवू लागला. दोन महिने गेले. लेकीची काही खबर नाही.

मग वरचा राजा खिंडीवर आला. तो आला की मापाड्याकडेच जेवायचा. सोनजीच्या बायकोने, तान्हाईने, भाकरी आणि आमटी वाढली. राजाने घास घेतला आणि थांबला. शेजारी बसलेला शिपाई म्हणाला, "मापाड्याच्या घरचं मीठ मोजता मोजता संपलं वाटतं."

राजा हसला नाही. "बाई, मीठ नाही घरात?"

"आहे महाराज. ते काय कोनाड्यात. पण शीग लावून आणलेलं आहे. आजवर तह कारभाऱ्याने मोडलाय. हे मीठ तुमच्या ताटात पडलं, तर तो तुम्ही मोडलात असं होईल. वाढू का?"

राजाचा हात ताटातच राहिला, म्हणे. सोनजी दाराशी उभा होता. राजाने खाली मान घालून ती अळणी आमटी शेवटपर्यंत खाल्ली. हात धुतला, खिंडीत गेला आणि पहिला झाप स्वतः ओढला. हाताला काटे लागले. कारभाऱ्याला त्याने घरी बसवले आणि शिगेचे सगळे मीठ खारगावला परत धाडले. घेणाऱ्याने माप भरायचे आणि देणाऱ्याने हाताने पुसायचे, असा नियम घातला.

तिसऱ्या दिवशी खालून मिठाची पहिली पाटी आली ती येसूच्या डोक्यावर. सव्वा महिन्याची मुलगी पाठीशी बांधलेली. सोनजीने माप भरले. येसूने तळहाताने सपाट पुसले. मग त्याने त्यातला एक खडा तोंडात टाकला आणि नातीला घेतले.

आता राज्ये नाहीत. मीठ दुकानात पिशवीत मिळते. तरी आजही वाघजाईच्या जत्रेदिवशी, खारगावात दिलेली लेक येऊन माप पुसेपर्यंत कुसवड्यात चुलीवर मीठ पडत नाही. पाहुण्यांनाही तेच. तुमच्यापुढे अळणी आमटी आली तर तोंड वाकडे करू नका. राजाने केले नव्हते.

आज जत्रा, पण फार थांबावे लागणार नाही. तो चढ बघा. हिरवे लुगडे, डोक्यावर पाटी. माझी थोरली लेक आहे.