म्हाळू राखणदाराचा वीरगळ

डोंगर अजून माणसांशी बोलत होते आणि राक्षस अजून संपले नव्हते, अशा एका फार जुन्या काळातली ही गोष्ट.

एका खोल दरीच्या काठावर दोन गावे होती. वरगावाला काळीभोर जमीन होती, खालवाडीच्या वाट्याला नुसता कातळ. त्यामुळे खालवाडीची माणसे वेलींच्या झुलत्या पुलावरून दरी ओलांडत आणि पलीकडच्या रानातून मध, डिंक, हिरडा आणून पोट भरत.

त्या रानाच्या पोटात राक्षस राहत. एरवी ते कोणाला दिसत नसत. पण वेळूला फुले आली, की रानात खाण्याचे हाल होत आणि भुकेले राक्षस बाहेर पडत. दरीतले वाहते पाणी त्यांना ओलांडता येत नसे. पूल मात्र ओलांडता आला असता.

म्हणून पुलाच्या पलीकडच्या टोकाला, एका उंचवट्यावर, राखणदार बसे. त्याच्यापुढे लाकडांची रास आणि ओला पाला तयार असे. रानावरची पाखरे एकदम उठली, की त्याने रास पेटवायची. धूर दिसला, की रानातल्या माणसांनी हातातले काम टाकून पुलाकडे धावायचे. काम एवढेच, पण जिवाचे.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी राखणदार होता वरगावचा म्हाळू. वेळू फुलला होता. राक्षस आले, पूल तुटला आणि म्हाळू पडला. त्याच्यामागे राहिली त्याची एकुलती मुलगी, येसू.

वरगावचे लोक सांगत, “म्हाळू म्हणजे देवमाणूस. पूल तोडला आणि एकटा राक्षसांना भिडला.”

खालवाडीचे लोक सांगत, “पूल तोडला तेव्हा आमची सात माणसं पलीकडच्या माळावर धावत होती, तेही सांगा की!”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

त्या मुलखाची एक रीत होती. लढताना पडलेल्यासाठी वीरगळ, म्हणजे त्याची कथा कोरलेला उभा दगड, उभारायचा. वीरगळ खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत युद्ध, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत कैलास. जत्रेच्या दिवशी पाटील एकेका वीरगळापुढे उभा राही आणि वीराचे नाव पुकारी. दुसऱ्या जत्रेपर्यंत ज्याचा दगड उभा राहिला नाही, त्याचे नाव पुढे कधीच पुकारले जात नसे. मग तो जणू जन्मलाच नव्हता.

पहिली जत्रा होऊन गेली होती. दुसरी जवळ आली होती.

येसू आपल्या मामाच्या हाताखाली दगड घडवायला शिकली होती. मामा पाथरवट होता. आता त्याची नजर अधू झाली होती. म्हणून राजाने काळ्या पाषाणाची एक भली मोठी शिळा गाडीवर घालून पाठवली, ती येसूच्याच अंगणात उतरली. बरोबर वरगावचा पाटीलही आला.

“येसे, काम झोकात झालं पाहिजे,” पाटील म्हणाला. “राक्षस किती होते गं?”

“पाच-सहा असतील, काका.”

“दहा-बारा कोर. दगड मोठा आहे, मोकळा दिसायला नको.”

त्याच दिवशी दुपारी खालवाडीची चिमाई आली. संभू हा तिचा एकुलता मुलगा त्या सातांमध्ये होता. ती अंगणात आली, पण ओट्यावर बसली नाही. शिळेकडे तिने पाठ केली.

“आमची पोरं जत्रेला घण घेऊन येणार आहेत, पोरी. हा दगड उभा राहू देणार नाहीत. तुला आधीच सांगून ठेवते.”

“तुम्हालाही तसंच वाटतं का, आजी?”

चिमाई म्हणाली, “मला एकच वाटतं. धूर इतका उशिरा कधीच निघाला नव्हता. धूर दिसला, तेव्हा राक्षस माळाला लागले होते. वाडीत म्हणतात, रानात आमचीच माणसं होती, म्हणून तुझ्या बापानं घाई केली नाही. तिथं वरगावचा एखादा पोरगा असता, तर थांबला असता का गं तो?”

येसूच्या ओठांवर उत्तर आले होते. ते तिने गिळले. चिमाई निघून गेली.

धूर उशिरा का निघाला, हे साऱ्या जगात एकट्या येसूला ठाऊक होते.

त्या दिवशी तिचा पहिला हत्ती पुरा झाला होता. वीतभर उंचीचा, पण सोंडेपासून शेपटीपर्यंत पुरा. त्यांचे घर पुलाच्या अलीकडच्या टोकाला होते. येसूने काठावर उभे राहून हाक मारली होती, “बाबा, या ना बघायला! एवढंसं!” आणि म्हाळू उंचवट्यावरून उठून, पूल ओलांडून, आला होता. हत्ती त्याने मांडीवर घेतला. बोटाने सोंड चाचपली.

“सोंड आखूड झालीय. बिचाऱ्याला पाणी प्यायला गुडघे टेकावे लागतील,” असे म्हणून तो खूप हसला होता. मग येसूने भाकरी वाढली, तीही त्याने तिथेच बसून खाल्ली. शेवटचा घास हातात होता, तेव्हा रानावरची पाखरे उठली.

हे सांगितले तर बापाच्या नावाला काळिमा लागेल, असे येसूला वाटे. तिला बापाचा अभिमान होता आणि अभिमानाने तिचे तोंड बंद केले होते.

तिने छिन्नी उचलली. पाटलाने सांगितले तसे राक्षस कोरू लागली. एक झाला, दोन झाले, चार झाले. मग तिने मधोमध बाप कोरायला घेतला. छाती रुंद काढली, मिशा पिळदार काढल्या, डोळ्यांत अंगार आणला.

संध्याकाळी ती लांब उभी राहून पाहू लागली. दगडात एक वीर उभा होता, कोणत्याही देवळाच्या दारात शोभला असता असा. पण तो म्हाळू नव्हता. म्हाळूच्या एका कानाची पाळी तुटलेली होती. मिशा पिळदार नव्हत्याच, भाकरीचा चुरा त्यांत अडकून राही. आणि त्या दिवशी त्याचे गुडघे थरथरत होते. येसूने अलीकडच्या काठावरून ते पाहिले होते.

‘या दगडातल्याला भीतीच नाही,’ तिच्या मनात आले. ‘भीतीच नसेल, तर उभं राहण्यात मोठेपण कसलं? माझा बाप घाबरला होता, उशीर झाला होता, आणि तरी तो उभा राहिला. हे मी पुसून टाकलं, तर मग त्यानं केलं तरी काय?’

सकाळी तिने मामाला हाक मारली. शेजारच्या गड्यांना बोलावले. पहारींनी ती शिळा पलटली आणि येसूने कोऱ्या बाजूवर नव्याने छिन्नी धरली. मामाने एकदा बोटांनी नवे काम चाचपून पाहिले. खालच्या चौकटीपाशी त्याची बोटे थबकली.

“बाई गं,” तो हळूच म्हणाला, “हे कोरलेलं पुन्हा भरून येत नसतं.”

“माहीत आहे, मामा.”

जत्रेचा दिवस उजाडला. वरगावचे लोक ढोल घेऊन आले, खालवाडीचे घण घेऊन आले. वीरगळ वेशीबाहेर खड्ड्यात उभा केला होता. खड्ड्यात अजून दगड भरायचे होते. वीरगळावर धोतर पांघरलेले होते. येसूने ते ओढले.

ढोल वाजायचे थांबले.

खालच्या चौकटीत युद्ध नव्हतेच. एका कोपऱ्यात उंचवटा होता, त्यावर न पेटलेली रास, आणि राशीपाशी कोणीही नव्हते. दुसऱ्या कोपऱ्यात एक माणूस मांडीवर छोटासा हत्ती घेऊन हसत बसला होता. त्याच्यासमोर एक मुलगी होती.

मधल्या चौकटीत तोच माणूस पुलाच्या पलीकडच्या टोकाला उभा होता. कोयता उगारलेला, मान मागे वळवलेली. मागे माळावर सात माणसे धावत होती. सातही वेगवेगळी.

वरची चौकट कोरी होती.

“हे काय गं?” पाटील ओरडला. “कैलास कुठाय? राक्षस कुठायत?”

“राक्षस मागच्या बाजूला आहेत, काका. चारच झाले.”

कोणीतरी फिसकन हसले. मग येसूने हाक मारल्यापासून शेवटच्या घासापर्यंत सारे सांगितले. आवाज चढवला नाही, रडली नाही. काही गाळले नाही.

“बापाची अब्रू वेशीला टांगलीस,” पाटील म्हणाला. “असल्या माणसाचं नाव मी पुकारणार नाही.”

“म्हणजे उशीर केलाच होता!” खालवाडीचा एक तरणा गडी घण खांद्यावर घेऊन पुढे झाला. “सरका सगळे!”

येसू दगडापुढून हलली नाही.

“फोडायचा तर फोड, दादा. पण आधी ऐक. माझा बाप चुकला. चूक झाली की माणसं पळतात, लपतात, दुसऱ्यावर ढकलतात. त्याला पळायला पूल होता. त्या सातांच्या पुढं धावत आलेल्या तिघांना त्यानं अलीकडे धाडलं, त्यांच्यामागून तोही येऊ शकला असता. अलीकडं येऊन वेली तोडता आल्या असत्या. त्यानं पलीकडून तोडल्या. सगळ्या काठानं पाहिलंय ते. मला देव बाप नको होता. मला हा मिळाला आणि याचा मला अभिमान आहे.”

गडी घण धरून उभाच राहिला. तेव्हा गर्दीतून चिमाई पुढे आली. तिने दगडाकडे पहिल्यांदाच तोंड केले. खाली वाकून त्या सात माणसांवरून ती एक बोट फिरवू लागली. पाचव्यापाशी बोट थांबले. त्या माणसाच्या खांद्यावर गाडगे होते.

“हा संभू?”

“हो, आजी. मधाचं गाडगं त्यानं शेवटपर्यंत टाकलं नाही.”

“टाकायचाच नाही तो,” चिमाई म्हणाली. “सांडलवंड त्याला खपायची नाही.” मग तिचे बोट खालच्या चौकटीवर गेले, त्या हत्तीवर. “म्हणजे आमची माणसं हलकी म्हणून नव्हे. लेकीपाशी बसला होता म्हणून.”

“हो. तुम्ही मला विचारलं होतं, वरगावचा पोरगा असता तर थांबला असता का? मी तेव्हा बोलले नाही. तो थांबलाच होता, आजी. पूल तोडून पलीकडं, तुमच्या संभूच्या बाजूला थांबला होता.”

वाऱ्याने खाली पडलेल्या धोतराची घडी उलटली.

“माफ करता येईल की नाही, मला ठाऊक नाही,” शेवटी चिमाई म्हणाली. “दोन वर्षं मी एका सैतानावर रागावले होते आणि पाटील एका देवाला ओवाळत होते. आज राग धरायला खरा माणूस मिळाला. आणि रडायलाही.” ती ताठ झाली, पाटलाकडे वळली. “तुम्ही नाव पुकारणार नाही ना? मग बाजूला व्हा, पाटील.”

आणि त्या म्हातारीने आपल्या चिरक्या आवाजात आधी सात नावे पुकारली. त्या सातांसाठी आजवर कोणीही दगड उभारला नव्हता. संभूच्या नावाला तिचा आवाज चिरला, पण नाव पुरे झाले. मग तिने श्वास घेतला.

“म्हाळू! पुलाचा राखणदार!”

“हो!” खालवाडीने साद दिली. मग वरगावने दिली. पाटलाचे ओठ उशिरा हलले, पण हलले.

घण घेतलेला तो गडी अजून तिथेच उभा होता. आपल्या हातातल्या घणाचे काय करावे, हे त्याला सुचेना. येसूने वीरगळाच्या बुडाशी असलेल्या खड्ड्याकडे बोट दाखवले. तो खाली बसला आणि एकेक दगड घालून त्याच घणाने ठोकू लागला. वीरगळ असा पक्का बसला, की पुढे किती पावसाळे आले तरी तसूभर कलला नाही.

“वरची चौकट कधी पुरी करणार?” पाटलाने जाताना विचारले.

“मला दिसलं तेवढं मी कोरलं, काका. कैलास मी पाहिला नाही.”

त्या जत्रेपासून नव्या पुलापलीकडच्या उंचवट्यावर दोन राखणदार बसू लागले, एक वरगावचा आणि एक खालवाडीचा. एकाला लेकराने हाक मारली, तर तो खुशाल जाई. दुसरा राशीपाशी बसे. पुढे वेळू पुन्हा फुलला. पाखरे उठली, त्याबरोबर धूर उठला. गेलेली सारी माणसे परत आली आणि पूल तोडावा लागला, तो रिकामा.

आजही नवा राखणदार पाळीवर जाण्याआधी त्या वीरगळापुढे वाकतो. कोयत्याला तो हात लावत नाही. खालच्या चौकटीतल्या न पेटलेल्या राशीला लावतो, आणि मगच ताठ मानेने पूल ओलांडतो. मुले मात्र आधी मागच्या बाजूला पळतात, राक्षस मोजायला.

या कथेने पदरात घातले ते एवढेच: वीराची चूक झाकली, तर पूजेला एक देव मिळतो; ती चूक अभिमानाने सांगितली, तर मागच्यांना वाट दाखवणारा माणूस मिळतो.