वादळ प्रो प्लस, सुधारित

यंत्रं आपसांत बोलत आणि माणसं त्यांना मुकी समजत, त्या काळची गोष्ट. संगणकातल्या एका तरण्या प्रोसेसरच्या डोक्यावरचा जुना कूलर बंद पडला. कुणी येऊन त्याला गार केलं नाही, तर तो जळून जाणार होता. त्यानं फळीवरच्या कूलरांना, वादळ घराण्याला, हाक मारली.

"आधी ओळख करून घे," एक कूलरकाका म्हणाले. "मी वादळ प्लस."

"प्लसचं काय घेऊन बसलास? मी वादळ प्रो प्लस, सुधारित!" दुसरे गुरकावले.

"काका, तुमच्यात फरक काय?"

"मोठ्यांना उलट विचारतोस?"

शेवटी प्रो प्लस उपकार केल्यासारखे त्याच्या डोक्यावर बसले. पंखा गरगरला, पण प्रोसेसर आणखीच भाजला. काकांच्या बुडाच्या तांब्यावर कारखान्यातली प्लॅस्टिकची फिल्म तशीच होती, धग अडवून. तिच्यावर नाव छापलेलं, म्हणून त्यांनी ती जन्मात काढली नव्हती. "हल्लीची पोरंच तापट!" म्हणत ते उतरले.

मग घराण्यातली धाकटी, वादळ लाइट, पुढे आली. तिनं आपली फिल्म टरकन सोलली.

"अगं, नाव गेलं! तुला ओळखणार कोण?"

"आधी हा जगू दे, काका."

तिचं उघडं तांबं प्रोसेसरच्या कपाळाला टेकलं आणि त्याची धग सरसर वर चढून वाऱ्यावर गेली. त्याचा जीव भांड्यात पडला.

"तुला हाक काय मारू?" त्यानं विचारलं.

"हाक मारावी लागेल इतकी लांब आहे कुठे मी?"